पावसातही पेटणारी कांडी

नेरूळ, १२ ऑगस्ट १९९४

ती. शालनआत्यास, राजलक्ष्मीचा सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? बाबांना जाऊन दोन महिने झाले, तरी सकाळचा चहा मी अजून दोन कप टाकते.

काल तुर्भ्याच्या खाणवस्तीत गेले होते. मृत्युपत्राप्रमाणे तिथे बाबांच्या नावाची शाळा व्हायची आहे. तिथल्या राहीबाई म्हणाल्या, शाळा बांधा ताई, पन ते नाव नगं. त्या पाटीखालनं आमची पोरं जायची न्हाईत. त्यांचे यजमान सिताराम खाणीतच गेले. नाव बदलायचं तर विश्वस्त म्हणून आपल्या दोघींच्या सह्या लागतात. मी काय करू?

रागाचं का होईना, पण उत्तर धाडा.

तुमची,
राजलक्ष्मी

सातारा, २० ऑगस्ट १९९४

चि. राजलक्ष्मीस अ. उ. आ.

गुडघा आहे तिथेच आहे. मी सही करणार नाही. तुझे आजोबा बाजीराव खाणीत सुरुंगाची दारू लोखंडी सळईने ठासत होते, ठिणगी उडाली आणि गेले. तुझा बाप बाबासो तेव्हा अकरा वर्षांचा. ठासावी लागू नये अशी सुरुंगाची तयार कांडी करीन म्हणाला, आणि केली. बंगला, मोटार नंतर आली. किती जीव वाचले ते त्या बाईला सांग. मोठी शहाणी, बापाचं नाव पुसायला निघालीस! वेळेवर जेवत जा.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आत्या

नेरूळ, २ सप्टेंबर १९९४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

राहीबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कांडीनं मारलं असं मी कुठं म्हनलं? त्यांचं म्हणणं, पूर्वी खडकातल्या भोकांत पाणी भरलं की सुरुंग पेटत नसे. पावसाळाभर खाण बंद, माणसं गावी पेरणीला. बाबांची कांडी पाण्यातही पेटते, म्हणून खाण बारमाही झाली. सिताराम जुलैत गेले, भिजलेल्या दरडीखाली.

‘आता पावसाळ्याची सुट्टी नाही’ ही कांडीच्या जाहिरातीतली ओळ माझी, आत्या. कॉलेजात असताना सुचवली होती. बाबांनी खूश होऊन घड्याळ दिलं होतं.

राहीबाईंनी आजोबांचं नाव विचारलं. ते चालंल म्हणाल्या, आमच्यातलाच मानूस. कागद सोबत आहे. माझी सही केली आहे.

माया पातळ करू नका.

राजलक्ष्मी

सातारा, १५ सप्टेंबर १९९४

चि. राजलक्ष्मीस अ. उ. आ.

कागद आठ दिवस देवापाशी होता. आज सही केली. बाबासोला हे कुणी समजावलं असतं तर तो आधी भांडला असता, मग त्यानेच नाव खोडलं असतं, असं मी धरून चालले आहे. तुला तसं वाटत नसेल, तर मला कळवू नकोस.

बाकी सगळं कळवत जा.

तुझी आत्या