गिरमिट मरता कामा नये

जामसंडे,
बुधवार, १६ एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप दत्तादादा यांस,

धाकट्या मावसभावाचा, म्हणजे गुरुदासचा, उभ्यानेच नमस्कार. (वाकून करणार होतो, पण उजवा गुडघा सोललेला आहे. कारण पुढे येईल.) तुझी मान आता दुखत नसेल असं धरून चालतो. मान दुखत असली की तू चित्रात कोणाचा तरी जीव घेतोस, असा माझा बरेच दिवस संशय आहे. वहिनींना माझा नमस्कार सांग. आई बरी आहे. आंबा यंदा कमी आहे आणि वांदर जास्त आहेत. माझा थोरला भाऊ, भाई, तुझ्याच खोलीत राहतो, तेव्हा तोही बरा असणार. मी विचारलं असं मात्र त्याला सांगू नको. हे पत्रही दाखवू नको.

आता रागाचं. तुझ्या मासिकाचा एप्रिलचा अंक शनिवारी आला. तुझ्या चित्रकथेच्या शेवटच्या पानावर गिरमिट कड्यावरून खाली पडतो आहे, पाय वर, तोंड उघडं, आणि कोपऱ्यात तू बारीक अक्षरांत लिहिलं आहेस, 'पुढील अंकी'. दादा, हे करण्यापूर्वी तू मला एक कार्ड टाकायला हवं होतंस. माणसाला फाशी देतानाही त्याच्या घरी कळवतात.

पंच्याहत्तरच्या मे महिन्यात तू आमच्या खळ्यात बाकड्यावर बसून होतास, चित्रकलेची परीक्षा नुकतीच देऊन आला होतास. भाई सतरा वर्षांचा. डोक्यावर आंब्याची दोन खोकी घेऊन तो बागेतून वर येत होता आणि मागून पेंढ्याची भारी घेऊन मी, वय अकरा, त्याला काहीतरी विचारत चाललो होतो. एवढ्यावर तुझं आयुष्य उभं राहिलं. भाईची हनुवटी आणि छाती घेऊन तू वज्रनाथ केलास, आणि माझी अर्धी चड्डी आणि तोंड घेऊन गिरमिट. गंमत अशी की भाईला गावात कोणी कधी वज्रनाथ म्हटलं नाही, तो भाईच राहिला. मी मात्र महिन्याभरात गिरमिट झालो. पोस्टमन, वाणी, खुद्द आमचे आजोबा (मरताना त्यांनी 'गिरमिटाक बोलवा' म्हटलं, त्यामुळे मी पाच मिनिटं रागाने गेलोच नाही, आणि मग जाऊन उपयोग नव्हता).

या अकरा वर्षांत तू त्या पोराचं काय केलंस ते एकदा शांतपणे बघ. पहिल्याच अंकात त्याचे आईबाप वादळात बुडवलेस. तेव्हा माझी आई आत तुझ्यासाठी घावणे घालत होती. नंतर दर महिन्याला त्याला पकडवलंस. पोत्यात घातलास, विहिरीत सोडलास, माडाला बांधलास, एकदा तर खारवलेल्या बांगड्यांच्या पिंपात बसवलास. दर वेळी वज्रनाथ शेवटच्या पानावर येणार, दोर तोडणार आणि 'घाबरलास का रे?' असं विचारणार. बरं, मधल्या पानांत त्या पोराला काम काय, तर 'वज्रनाथ, हे काय आहे?' असं विचारायचं, म्हणजे वज्रनाथला सांगता येतं. समोर ठेवलेला सुरुंग ज्याला ओळखता येत नाही, त्याला कोणी शहाणा माणूस मोहिमेवर नेईल का? आणि वय बाराच. मला मिसरूड आली, मी अकरावी-बारावी झालो, कॉलेजात गेलो, आणि गिरमिटची तीच चड्डी, तेच गुडघे. वज्रनाथकडे बघून दर अंकात कोणीतरी बाई मान वेळावते. गिरमिटकडे फक्त म्हाताऱ्या बघतात, आणि खाऊ देतात.

मी कॉलेज का सोडलं याबद्दल तुझ्याकडे काय बातमी पोचली आहे ठाऊक नाही, म्हणून खरं लिहितो. वसतिगृहात सत्यवान म्हणून कुडाळकडचा एक होता. त्याने माझ्या खोलीच्या दारावर खडूने अर्धी चड्डी काढली आणि खाली गिरमिट लिहिलं. मी त्याचा एक दात पाडला. (पुढचा. बोलताना आता त्याची हवा जाते.) कॉलेजने लेखी माफी मागायला सांगितलं, मी ट्रंक उचलून घरी आलो. तर भाई रजा काढून मुंबईहून आला, मला न विचारता सत्यवानच्या घरी गेला आणि त्याच्या बापासमोर माझ्या वतीने हात जोडून उभा राहिला. मला हे तो परत निघाला त्या दिवशी देवगडच्या स्टँडवर कळलं. मी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तू माका सोडवूक येव नको. माझ्या अंगावर आता अर्धी चड्डी नाय." भाई गाडीत चढला. खिडकीशी बसला, गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला आणि गेला. त्याला चौदा महिने झाले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

आणि दोनच महिन्यांनी तुझ्या अंकात गिरमिट वज्रनाथशी भांडून निघून गेला, माझ्याच शब्दांत. म्हणजे भाईने तुला सांगितलं होतं. तेही एक वेळ सोसलं असतं. पण वीराला सोडून गेलेला साथीदार पुढे शेती करतो, दुकान टाकतो, तलाठी होतो, असं तुम्हा लोकांना कधी सुचतच नाही का? एका अंकात त्याला लांब पँट आणि मिशी, दुसऱ्यात काळा कोट, तिसऱ्यात तो दुष्टांच्या गुहेत बसून खदाखदा हसतोय. मी आमच्या आंब्याच्या शेडमध्ये बसून खोकी ठोकतो, दादा. खदाखदा हसण्यासारखं तिथे काही नाही. आणि वज्रनाथला? पुढच्याच महिन्यात नवा पोरगा. टिपूर म्हणे. चड्डी तीच, मला शिवण ओळखू येते. वज्रनाथने जुन्याची आठवण म्हणून एका चौकटीत खिडकीबाहेर बघितलं, आणि पुढच्या चौकटीत टिपूर विचारतो, 'वज्रनाथ, हे काय आहे?'

असो. हे सगळं मी गिळून होतो, कारण मी प्रेमात आहे. दाजी मास्तरांची सुगंधा. तू तिला परकरात बघितली असशील, आता ती बारावी होऊन शाळेचं वाचनालय सांभाळते. तुझा अंक तिथेच येतो. एकदा मी तो टेबलावर आपटला तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "गिरमिट नसतो तर तुझो वज्रनाथ कोणाशी बोललो असतो? भिंतीशी?" अकरा वर्षांत गिरमिटच्या बाजूने बोललेलं ते पहिलं माणूस. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नाही. तिचंही माझ्यावर मन आहे.

दाजींचं मन मात्र भाईवर. मुंबईत नोकरी, आवाज हळू, मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही. मला हे कळल्यावर मी त्यांच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो आणि सुगंधेला मागणी घातली. जरा मोठ्याने घातली असेल, कारण तीन घरांतली माणसं बाहेर आली. दाजी म्हणाले, आपण कशाक भांडूचा, देवाक इचारूया. म्हणजे कौल. (मुंबईत विसरला असशील: गुरव देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.) मला वाटतं दाजींना माझं तोंड देवाच्या हातून बंद करायचं होतं.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी आम्ही सगळे देवळात. आधी भाईच्या नावाने विचारलं. बाबू गुरवाने नीट नाव घेतलं, हरिश्चंद्र अमक्याचा झील, सुगंधेक ह्या घरात दिली तर बरी ऱ्हवात काय, आणि आम्ही मागून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. (मीही म्हटलं. सवयीने.) अर्धा तास झाला. पाकळ्या हलल्या नाहीत. डावी नाही, उजवी नाही. गुरवाने दोनदा पाणी शिंपडलं. देव भाईबद्दल काही बोलायलाच तयार नाही. मग माझी पाळी. बाबू गुरव मला जन्मापासून ओळखतो, पण त्याने हात जोडले आणि देवासमोर म्हणाला, "म्हाराजा, आता ह्या गिरमिटाचा काय ता सांग." गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली.

मी देवळातच नाचलो असतो. पण दाजी मास्तर उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले की कौल मान्य, देवाचा शब्द मोडूचो नाय, पण तो गिरमिटाक मिळालो हा. माझ्या हजेरीपटात गुरुदास आसा, गिरमिट नाय. मग अकरा वर्षं ज्या नावासाठी मी माणसांचे दात पाडले, ते नाव माझंच आहे असं मी देवासमोर ओरडून सांगू लागलो. गिरमिट तो मीच. विचारा कोणालाही. शेवटी बाबू गुरवानेच तोड काढली, की नाव चालता ता माणूस खरा, आणि गावात ह्याका गिरमिटच म्हणतत. दाजींनी ते मान्य केलं. मी देवळाच्या चिऱ्याच्या पायऱ्या तीन-तीन करत उतरलो, आणि तोच हा गुडघा.

हे सोमवारी. शनिवारी तुझा अंक आला, दाजींनी स्वतः वाचनालयात उभ्याने वाचला, आणि गावभर झालं की गिरमिट कड्यावरून पडलो. दाजी आता शांतपणे म्हणतात, पुढचो अंक येवंदेत. तो मेलो तर मेलेल्याक चेडू कशी देऊ? लोक मला रस्त्यात थांबवून माझ्याकडे दुःखाने बघतात. एका म्हातारीने तर खाऊ दिला. भाईलाही दाजींनी परवा पत्र टाकलं आहे, तुझा विचार कळव म्हणून. भाई कोणालाच नाही म्हणत नाही हे तुलाही ठाऊक आहे.

तेव्हा दादा, मे महिन्याचा अंक अजून छापायला गेला नसेल. गिरमिटला वाचव. कड्याच्या खाली रापणीचं जाळं वाळत घातलेलं दाखव, नाहीतर एखादं झाड काढ, नाहीतर तो पडलाच नाही, पाय घसरल्यासारखा दिसला, असं कर. तुम्हा लोकांकडे मेलेली माणसं दर दोन वर्षांनी परत येतात, मग हा तर अजून हवेतच आहे. फक्त एक अट. त्याला वज्रनाथने झेलता कामा नये. तो आपला आपण वर येऊ दे. सोललेल्या गुडघ्याने का होईना.

तुझा,
गुरुदास

ता. क. (गुरुवार) हे पत्र टाकायला निघालो आणि परत आलो. वर मी लिहिलं आहे की सुगंधेचं माझ्यावर मन आहे. तसं ती कधी म्हणालेली नाही. ते वाक्य खोडलं तर पानाचा गिचका होईल म्हणून ठेवलं आहे, पण तू खोडलेलं समज.

ता. क. दुसरा (शुक्रवार) काल संध्याकाळी ती शेडवर आली. मी कौलाचं, अंकाचं, भाईच्या पत्राचं सगळं सांगायला लागलो. ती खोक्यावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "देवाक इचारलास, गुरवाक इचारलास, मुंबयच्या चित्रकाराक पण इचारतंस. माका कोणी इचारूक नाय." मी विचारलं. ती म्हणाली, तू नको आणि भाई पण नको. तिने जानेवारीतच मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता, मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. दाजींना ठाऊक नाही. मी अर्धा तास खिळे सरळ करत बसलो. मग तिकीट काढायला मीच स्टँडवर गेलो, कारण तिला तिथे सगळे ओळखतात. गिरमिटचं तुला काय करायचं ते कर. मला आता त्याचं काही वाटत नाही.

ता. क. तिसरा (रविवार, गाडी सुटायच्या आधी) हे पत्र पोस्टाने येत नाही. ज्या मुलीने ते तुझ्या हातात दिलं ती सुगंधा. दाजींना वाटतंय ती शेजारच्या तुळसामावशीबरोबर तिच्या लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला चालली आहे. मावशीला खरं माहीत आहे, ती तुझ्या चाळीपर्यंत सोबत करील. पाकीट मी भाताच्या शिताने चिकटवलं तर सुगंधा म्हणाली, कशाक डकवतंस, माका सगळा म्हायत आसा. दादा, तिला दोन दिवस वहिनींजवळ राहू दे. मागायचं होतं ते एवढंच.

आणि दार भाईने उघडलं असेल, तर भाई, हे तूच वाचतो आहेस. दाजींना अजून होय लिहिलं नसशील तर लिहू नको. मंगळवारी दहा वाजता तिची मुलाखत आहे आणि तिला मुंबईतला रस्ता माहीत नाही. अर्ध्या दिवसाची रजा काढ, तिला हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत ने. तिच्या वतीने कोणाशी काही बोलू नको. आत ती एकटी जाईल. तू बाहेर बाकावर बस.