बाबांचे कान

आई,

काल मी मुंबईच्या एका म्युझियममध्ये बूट काढून उभा राहिलो. समोर बाबा होते. आपल्या घरच्या फोटोतलीच काळी टोपी, तोच बंद गळ्याचा कोट, मान तशीच जराशी डावीकडे. हात आपोआप जोडले गेले. तिथला वॉचमन धावत आला, "काका, बूट घाला, मंदिर नाही हे." तुझी नात माझा दंड धरून उभी. तीच घेऊन आली होती मला. म्हणाली, पप्पा, आपल्या उल्हासनगरच्या जुन्या स्टुडिओवाल्याचं प्रदर्शन लागलंय, चला, ओळखीचं कुणी सापडेल. सापडलं की. फोटोखालच्या पाटीवर लिहिलं होतं, 'छायाचित्रकार स्वतः'.

तोवर मी मजेत हिंडत होतो. पहिल्या दालनात सगळी आपल्याकडची माणसं. सिंधी कॅम्पातली नवी जोडपी, पुठ्ठ्याच्या मोटारीत बसलेली पोरं, खोटा टेलिफोन कानाला लावून लाजणारी एक बाई. माझी नजर पडली फर्निचरवाल्याची, माणसांआधी खुर्ची दिसते. एकच वेताची खुर्ची सगळ्यांच्या बुडाखाली, ती दाखवून मी पोरीला हसवत होतो. दुसऱ्या दालनात तो स्वतःच. कधी फेटा बांधून, कधी पोलिसाच्या टोपीत, कधी साधू. हौशी माणूस, म्हटलं. आणि मग ती काळी टोपी.

माझे कान तिखट, तुला माहीतच आहे. दुकानात गिऱ्हाईक बायकोशी सिंधीत पुटपुटतं, माझा सौदा तिथेच ठरतो. तिथेही ऐकू आलंच. एक मुलगी चारचौघांना फिरवून माहिती देत होती. "ज्या घरात गेलेल्या माणसाचा एकही फोटो नसायचा, त्या घराला हे स्वतःचा चेहरा द्यायचे. पेन्सिलीने थोडं टचिंग करून." कुणीतरी म्हणालं, "अय्या, किती गोड!" गोड म्हणे. सगळ्या दालनाला ठाऊक, आणि ज्याचा बाप होता त्यालाच पत्ता नाही. परतताना गाडीत मी म्हटलं, उल्हासनगर ते बदलापूर मला किती भावंडं असतील देव जाणे. पोरगी हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी तुझ्या अंगावर पीत होतो. अंबरनाथच्या कारखान्यातला माणूस, फोटो काढायला सवड कुठली. एवढं मला कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं गं. पण तू कुळगावच्या त्या खोलीत, चुलीच्या वरच्या भिंतीवर, एक परका पुरुष टांगलास आणि मला म्हणालीस, पाया पड. शाळा बुडवून नदीवर पोहायला गेलो होतो तो दिवस आठव. तू पीठ मळत होतीस. पिठाच्या हातानेच माझा कान धरलास आणि त्याच्यासमोर उभं केलंस. "ह्यांच्या डोळ्यांत बघून सांग, कुठं होतास?" मी घडाघडा सांगितलं. त्या डोळ्यांत बघून मला कधी खोटं बोलताच आलं नाही. हातगाडी ओढायला लागलो तेव्हा, दुकान घेतलं तेव्हा, पहिला नारळ त्याच्यापुढेच फुटला. मी खोटं बोलू नये म्हणून तू मला आयुष्यभर एका खोट्यासमोर उभं केलंस.

आणि तू स्वतः? कालपासून तुझा शब्द न् शब्द आठवतोय. मी विचारलं होतं, बाबांकडे एवढा भारी कोट होता? तू म्हणालीस, "फोटोवाल्याकडचा तो." काका गावाहून आले, फोटोकडे बघत राहिले. "वहिनी, दादा ह्यात येगलाच दिसतो." तू भाकरी थापत म्हणालीस, "फोटोत सगळीच वेगळी दिसतात, भावजी." एकदाही खोटं बोलली नाहीस. तेच जास्त लागलं मला. हार घालताना तू कधी मान वर केली नाहीस, आधी पदर सारखा करायचीस. मला वाटायचं, नवऱ्याची अदब. आता कळतंय, परक्या माणसासमोर बाई पदर सारखा करते, तसा तो होता.

मी शहाणा झालो, बाप झालो, तुला दवाखान्यात उशाशी बसून चमच्याने पेज भरवली. तेव्हा तरी सांगायचंस. बाबा कसे दिसायचे हे माहीत असलेलं शेवटचं माणूस तू होतीस. घेऊन गेलीस सगळं.

घरी येऊन फोटो खाली उतरवला. तुझी सून म्हणाली, "आता ह्याचं काय करायचं?" मी म्हटलं, काढून टाक. पोरगी मात्र मोबाईलच्या उजेडात काचेला नाक लावून बसली. म्युझियममधला फोटो तिने मोबाईलवर काढून आणला होता, तो शेजारी धरला. "पप्पा, चेहरा तोच आहे. पण कान बघा." त्या माणसाचे कान लहान, डोक्याला चिकटलेले. आपल्या फोटोतले मोठे, बाहेर आलेले, वरची पाळ जराशी मुडपलेली. बाजूने पेन्सिलीच्या बारीक रेघा. पोरीने स्वतःचे केस कानामागे सारले.

तू हसत सांगायचीस ना, स्टुडिओत मी तुझ्या मांडीवर होतो, आणि तो शेठ कागद-पेन्सिल घेऊन सारखा माझा कान धरून बघायचा, आणि मी भोकाड पसरायचो? मला वाटायचं, लाडाने धरत असेल. त्याने तुला विचारलं असणार, मुलगा कुणावर गेलाय. आणि तू म्हणाली असशील, जे मला जन्मभर म्हणत आलीस, "कान तेवढे बापाचे."

राग गेलेला नाही, आई. कानांवर बाप भागत नाही. पण फोटो पुन्हा भिंतीवर लावलाय. हे पत्र तुला धाडायचं कुठे, म्हणून आज सकाळी त्याच्यासमोरच वाचलं, पुटपुटत, त्या कानांना ऐकू जाईल एवढंच. आणि वाचताना, तुझ्यासारखीच, मान काही वर झाली नाही.