रोहिणीचं तिकीट

३ नोव्हेंबर, सोमवार
जितूला बँकॉक लागलं. अमळनेरला त्याचं कृषी केंद्र. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं यंदा टार्गेटच्या वर गेली म्हणून कंपनीची फॉरेन टूर. पाच दिवस, जोडीने. जोडी म्हणजे जितू आणि सून. लग्नाला दोन वर्षं झाली, दोघं सप्तशृंगीगडाच्या पुढे गेलेले नाहीत. तिथेही मी सोबत होते, त्यांना करमावं म्हणून.
मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणणार होते. वाक्य तयार होतं.
ठरवलं: या ट्रिपमध्ये आपण अजिबात पडायचं नाही.

५ नोव्हेंबर, दुपार
कंपनीच्या नीलेशचा फोन. जितू मोबाईल घरी विसरून दुकानात. तिकिटाला नावं पाहिजेत, आजच्या आज. सुनेचा पासपोर्ट अजून पोस्टात, त्याचा नंबर नंतर भरू म्हणाला. मग मीच सांगितली. जितेंद्र निंबा पाटील. रोहिणी जितेंद्र पाटील. त्याने परत वाचून दाखवलं. मी शाबासकी दिली. याला काही पडणं म्हणत नाहीत.
रोहिणी हे नाव मी ठेवलेलं. माहेरहून ती मोनाली आली होती. आमच्या गल्लीत आधीच तीन मोनाली, एकीला हाक मारा, तीन दारं उघडतात. म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने रोहिणी लिहायला लावलं. आधारवर पण बदल, असं जितूला तेव्हाच सांगितलं. झालं म्हणाला. माझं पोरगं एका शब्दात ऐकतं.

९ नोव्हेंबर, रविवार
शेजारची सुनंदाबाई चहाला आली. मला म्हणे, तुला नाही नेत का? मी म्हटलं, तुझी सून तुला धुळ्याला तरी नेते का? चहा अर्धा ठेवून गेली. माझे जोक तिला इतके आवडतात की घरी सांगायची घाई होते.
सुनेने जीन पँट आणली. घालून दाखवली. मी म्हटलं, पुढून रोहिणी, मागून जितू. ती आत गेली ती तासभर बाहेर आली नाही. हसत असेल.
ठरवलं: ते तिकडे असताना रोज एकच फोन. तोही दोन मिनिटं.

१४ नोव्हेंबर
सकाळच्या गाडीने मुंबईला गेले. सून पाया पडली. खूप खूश होती. जितूच्या आधी गाडीत चढली.
फोन तीन केले. नंदुरबार, सुरत, वसई. स्टेशनं माझ्या हातात नाहीत.

१५ नोव्हेंबर, सकाळी ११
एअरपोर्टवरून जितू. सुनेला काउंटरवर थांबवलंय. तिकिटावर रोहिणी, पासपोर्टवर मोनाली. काउंटरवरची मुलगी म्हणते, या बाई कोण? कंपनीचे बाकीचे सगळे आत गेले. नीलेश म्हणाला, साहेब तुम्ही चला, वहिनींना परतीच्या गाडीत बसवून द्या.
चूक नीलेशची. मी सांगितलं तसंच्या तसं त्याने लिहिलं. माणसाने थोडं डोकं वापरावं.
मी जितूला शांतपणे सल्ला दिला. म्हटलं, तू जा, कंपनीची ट्रिप वाया घालू नको. रोहिणी येईल घरी, मलाही सोबत होईल. आणि आधारवर नाव बदललं होतं ना, मग त्या मुलीला आधार दाखव.
मग म्हणाला, "माय, तिनं नाव मोनालीच शे. आधारवर बी तेच, पासपोर्टवर बी तेच. रोहिणी फक्त तुना समोर शे."
फोन कट.
गडबडीत बोलला असेल. एअरपोर्टवर आवाज फार असतो. मागे सून रडत होती, तेवढं मात्र नीट ऐकू आलं.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
दोघांचे फोन बंद. सुनंदाबाईने विचारलं, पोहोचले का? म्हटलं, विमान आत्ता ढगात आहे. ती वर बघत बसली.
जितू एकटा गेला असेल. सून उद्या सकाळी येईल. तिच्यासाठी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळून ठेवायचं ठरवलं. मी काही मनात ठेवत नाही.

१६ नोव्हेंबर
सून आली नाही. पीठ आंबलं.

१७ नोव्हेंबर, सकाळ
जितूचा फोन, बँकॉकहून. दोघं तिकडेच. आपल्या खिशातून नवीन तिकीट काढलं, मोनाली नावाने, आणि स्वतःचंही दुसरं काढलं. कंपनीचं सोडून दिलं. एअरपोर्टच्या खुर्चीवर एक दिवस काढला दोघांनी.
म्हणजे माझ्या सल्ल्याचा फायदा झाला. याला उलटं सांगितलं की हा सुलटं करतो, लहानपणापासून.
पण हॉटेलात दुसरीच पंचाईत. वहिनी येणार नाहीत म्हणून कंपनीने जितूच्या खोलीत नीलेशला टाकलेलं. हे दोघं दार उघडतात तर नीलेश टॉवेलवर, बाथरूममध्ये त्याच्या बनियनी वाळत. दुसरी खोली नाही. मी म्हटलं, दे फोन त्याला. नीलेशला पाच मिनिटं समजावलं. रात्री खाली सोफ्यावर झोपायला तो कबूल झाला. मी नसते तर या पोरांचं काय झालं असतं.
फोन नीलेशला दिला तेव्हा मागे जितू म्हणाला, मोना, बॅग आत घे. ऐकू आलं. मोना. एवढंसं नाव, तेही पूर्ण घेत नाही.

१८ नोव्हेंबर
रोज एक फोन ठरलं होतं. आज अकरा झाले. पण लागला एकच, म्हणजे हिशेबाने एकच.
व्हिडिओ लागला. समुद्र, लाटा, मागे एक माणूस नारळ विकतोय, त्याची मिशी दिसत होती. जितू म्हणाला, माय, नेटवर्क नही शे, काहीच दिसत नही. आणि ठेवला.
सुनेने जीन पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. पाण्यात उभी राहून हसत होती. माझ्या जोकला ती असं कधी हसली नाही. जोक समजायला वेळ लागतो तिला.

२१ नोव्हेंबर
आले. माझ्यासाठी हत्तीच्या चित्रांची पिशवी. भाऊबंद जमले होते. सगळ्यांसमोर जितू म्हणाला, मोना, पाणी आण. तिने आणलं. मी म्हटलं, रोहिणी, चहा ठेव. कोणी हललं नाही. चार वेळा म्हटलं. विमानात कान बंद होतात म्हणे, चार दिवस राहतं.
चहा मी ठेवला.

२४ नोव्हेंबर
कान अजून बंद. मी म्हटलं, मोनाली. लगेच आली. फक्त कान तपासायला म्हटलं होतं.
माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तुम्ही पण चला. तुमचा पासपोर्ट काढते." मी नाही म्हटलं. दोनदा. मग तिला फोटो दिले. मागच्या आठवड्यात अमळनेरला सहज काढून ठेवले होते, आठ कॉपी, पांढऱ्या बॅकग्राउंडचे.
मोबाईलवर फॉर्म भरायला घेतला. शाळेचा दाखला मागितला. सातवीपर्यंत शिकलेय, दाखला ट्रंकेत जपून आहे. तिने वाचला. मग माझं आधार वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.
दाखल्यावर माझं माहेरचं नाव, गुंता तोताराम. आधारवर बेबाबाई निंबा. बेबा हे सासूबाईंनी ठेवलं. का ठेवलं ते मी विचारलं नव्हतं.
सून हसली नाही. मी तिच्या जागी असते तर आठवडाभर पुरवलं असतं. म्हणाली, दोन्ही बाया एकच, असं माहेरच्या माणसाने लिहून दिलं तर पुढचं बघता येईल. मी म्हटलं, त्यात काय, एरंडोलला माझा भाऊ गिरधर आहे. माझ्या कडेवर वाढलाय. झोपेतून उठवलं तरी सही करेल.

२५ नोव्हेंबर, दुपारी १२
सुनेच्या फोनवरून गिरधरला लावला. म्हटलं, "गुंता बोलस."
तो म्हणाला, कोण गुंता? राँग नंबर. ठेवला.
परत लावला. म्हटलं, बेबा.
"बोल अक्का," म्हणाला.