बाबांच्या पानाशेजारचा ग्लास

१४ सप्टें., रवि.
पक्याला आणलं एकदाचं. रिक्षात घाटकोपर आल्यावर म्हणाला, "ताई, बिल्डिंगमध्ये काय सांगितलंयस?" म्हटलं, रत्नागिरीला साइटवर होतास. हसला. "दारू सोडायला केंद्रात गेलो होतो म्हण ना. चोरी केली का मी?" रिक्षावाल्याला ऐकू गेलं असणार. धाकटा भाऊ माझ्यापेक्षा धीट होऊन आलाय. मेली लाज ती मलाच.

१७ सप्टें., बुध.
सकाळचा चहा पक्याच करतो. भरलेला कप आणतो, सांडत नाही. आई रडली बघून. मीपण.
केंद्रातल्या मॅडमचं एकच म्हणणं, घरात थेंब नको. आईचं वेगळंच, सर्वपित्रीला बाबांच्या पानाचं काय? पानाशेजारी दरवर्षी त्यांचा दारूचा ग्लास भरून ठेवतात. ज्याने गेले तेच वाढायचं, वा रे रीत! म्हटलं, यंदा सरबत ठेव. "बघू," म्हणाली.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री
काका आणि आत्या भांडुपहून आले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सगळं झालं. पान गच्चीवर ठेवलं. कावळा शिवेना. टाकीवर दोन बसलेले, पण ढिम्म. ऊन चढलं, सगळे उपाशी. काका भडकले, "दादाचो गिलास खंय आसा? बापूस रुसलो तुमचो!" आई माझ्याकडे बघते, पक्या स्वतःच्या चपलांकडे.
तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य. पण आत्यासमोर? तिला कळलं म्हणजे सगळ्या भांडुपला कळलं. मीच गेले दुकानात. मीच! ओढणी डोक्यावरून घेऊन, काळ्या पिशवीतून घेऊन आले. काकांनी ग्लास भरला आणि कावळा आला की लगेच. सगळ्यांनी हात जोडले.
मग काकांनी तोच ग्लास पक्यापुढे धरला. मुलग्याने प्रसाद घ्यायचा असतो आमच्यात. "घे रे, बापाशीचो परसाद. नाय म्हणू नको."
पक्याने आधी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.
मी वड्यांची परात उचलली आणि खाली आले. जिन्यात थांबले. वरून काकांचा आवाज, "शाबास!"

२३, मंगळ.
काल सकाळी गेला तो आज दुपारी सापडला. स्टेशनच्या पुलाखाली. शेजारच्या कदमांनी उचलून आणला. आख्ख्या बिल्डिंगने बघितलं. आता सगळ्यांना माहीत आहे, आणि काही आकाशबिकाश कोसळलं नाही. कदमवहिनी पेज देऊन गेल्या. मग मी परवा काय वाचवलं?
आई म्हणते, "बाबांच्या नावाचा एक घोट होता गं, त्याने काय होतं?" तिच्यावर ओरडले. कुठल्या तोंडाने ओरडले?

२५, गुरु.
शुद्धीवर आला तसा स्वतःच म्हणाला, मला परत नेऊन सोड. मी काहीतरी बोलायला गेले तर, "राहू दे गं."
नेऊन सोडला. मॅडमनी विचारलं, घरात आली कुठून? मी तिथेच, दाराशी. पक्या म्हणाला, "मीच आणली."
मॅडम गेटपर्यंत आल्या, माझा हात धरला. म्हणाल्या, तुमच्यासारखी बहीण सगळ्यांना नाही मिळत.
मी थँक्यू म्हणाले. थँक्यू!

२७, शनि.
उद्या केंद्रात घरच्यांची मीटिंग. आई विचारते, डब्यात काय देऊ त्याला.
मॅडमना मेसेज लिहिला, 'दारू मी आणली होती. तो खोटं बोलला, माझ्यासाठी.' पुसला. हे काय मेसेजवर सांगायचं? पक्यासमोर सांगायला हवं, सगळ्यांत बसून. पण उद्या तिथे गेल्यावर माझी जीभ उचलेल का, सांगता येत नाही. मला मी माहीत आहे.
परत लिहिलाय. अजून पाठवला नाही.