मोठ्या बाईंची कॉलर

ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे आणि भाऊजी दोघेही कुरकुरताहेत हे वाचून बरं वाटलं, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे.

इथे मात्र माझं डोकं तापलंय. सोमवारी भिंगरीच्या शाळेत बैठक आहे. पुढच्या वर्षी तिला काय मदत द्यायची, तिला तिच्याच वर्गात ठेवायचं की टोकाच्या खोलीत वेगळं बसवायचं, हे तिथे ठरणार. गणवेशाची कॉलर टोचते म्हणून पोर सारखी मान ओढते, टोचायला लागलं की तिला शिकवलेलं ऐकूच येत नाही. मोठ्या बाई म्हणतात, हा हट्ट. रोज वर्गाबाहेर उभी करतात. कॉलरखाली ठेवायला मी मलमलचा तुकडा दिला, तर चिंधी म्हणून तोही बंद केला.

आणि काल ह्याच बाई माझ्या शिवणाच्या दुकानात! बैठकीला शिक्षण खात्याचे साहेब येणार, म्हणून कोटाला नवी कॉलर हवी. माप घेताना मला ऐकवलं, की आया लाडावून ठेवतात आणि शाळेनं निस्तरायचं. टेप त्यांच्या गळ्याभोवती होता, ताई. मोठ्या कष्टानं सोडला.

आता ऐक. कॉलरच्या आत कडक बक्रम घालतात ना, त्याची कापलेली कड मी दुमडणार नाहीये. बरोबर मानेशी येईल. बसू देत आता हट्ट न करता.

लोभ आहेच, तो माझ्या डोक्यावर गार पाणी ओतण्यात घालवू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. ७

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वेड लागलंय का तुला? पकडली गेलीस तर बाईंचं काही जाणार नाही, पोरीची वर्गातली जागा जाईल. बैठकीत तोंड सोडू नकोस. मागायचं ते ठरवून जा. बिनकॉलरचा गणवेश माग, आणि जीव घाबरला की शिक्षेविना बाहेर जायची मुभा. वर्ग सोडायचा नाही, हे तर निक्षून सांग. भिंगरीलाही ने. तिच्याविषयी सगळे बोलणार आणि तीच नाही, हे बरं नव्हे. ती कड मुकाट्यानं दुमड.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. हसता हसता ठसका लागला.

माया आहे तशीच आहे, अक्कल तेवढी तू वाढव.

ताई

ता. क. बक्रम जाड घालणार आहेस की पातळ?


ता. १२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येईपर्यंत कोट गेला होता. आधी आलं असतं तरी गेलाच असता.

बैठकीला भिंगरीलाही नेलं होतं. ती एका जागी बसत नाही, असा अहवाल मोठ्या बाई वाचत होत्या. वाचता वाचता मान वाकडी, खांदा वर, बोट कॉलरमध्ये. ओळ चुकली. शिपायावर उगाच खेकसल्या. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. आता ह्यांनाही बाहेर उभं करायचं का, असं विचारायला मी तोंड उघडणार, तोच भिंगरी उठली. खिशातून मलमलचा तुकडा काढला आणि बाईंच्या कॉलरखाली सरकवला. म्हणाली, की टोचत असलं की काहीच ऐकू येत नाही, आता येईल.

साहेबांनी तिला पुन्हा सांगायला लावलं आणि बाईंना विचारलं, की बरं वाटतंय का. बाईंना हो म्हणावं लागलं! आपल्याला हवं होतं ते सगळं मिळालं. पोर तिच्याच वर्गात राहिली. माझा सूड मात्र तिनं हातचा पळवला, ह्याचा राग अजून आहे.

काल कोट दुरुस्तीला आला. उसवताना भिंगरीनं विचारलं, की ही कड अशी कुणी ठेवली. मी म्हटलं, मी. मुद्दाम का, असं विचारलं. मला खोटं बोलवेना. मग ती शांतपणे म्हणाली, की आई, तू बाहेर उभी राहा.

मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. तिनं आत बोलावलं तेव्हाच आले.

रागावली असशील तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. पातळ. तेवढं चुकलंच. जाड घालायला हवं होतं.