डाव्या पेडलाचे आटे

२ फेब्रुवारी, सकाळी ११
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे, ही माझी स्टोअरातली सवय.

हिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. फिजिओबाई आल्या होत्या. गुडघा ७२ अंश वाकतो, पाहिजे ११०. म्हणाल्या, घरात व्यायामाची सायकल आहे ना, मग रोज दोनदा दहा-दहा मिनिटं. आधी पेडल पूर्ण फिरणार नाही, नुसतं पुढे-मागे करायचं. पण रोज. पहिल्या काही आठवड्यांत वाकला तर वाकला, नंतर गुडघा आतून धरतो. एक तक्ता देऊन गेल्या. सायकल झाली की त्यात खूण करायची. तक्ता भिंतीवर लावला, पट्टीने मोजून, अगदी सरळ.

हिला घाई आहे. लेकीच्या बाळंतपणाची तारीख एप्रिलच्या मध्यावर. लेक चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. तिला त्या दिवसांत आईच हवी आहे. हिने दुपटी शिवून बॅग भरूनसुद्धा ठेवली. दहा आठवडे आहेत, मजले चार. आरामात.

दुपारी ४
सायकल गॅलरीतून आत आणली. डावं पेडल टक टक करतं. ही म्हणाली, सायकलवर मेकॅनिकचा नंबर चिकटवलेला आहे, बोलवा. मला हसू आलं. कारखान्याच्या स्टोअरात एकतीस वर्षं काढली मी. मेकॅनिक लोक पाने घ्यायला माझ्या खिडकीशी रांग लावायचे. कुठल्या नटाला कुठला पाना, मला झोपेतून उठवून विचारा. प्रत्यक्ष नट फिरवायचं काम त्यांचं होतं, पण ते काय, कोणीही करतं.

उद्या अर्ध्या तासाचं काम.

३ फेब्रुवारी
पेडल आवळलं. उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. जगातला प्रत्येक बोल्ट असाच आवळतात. जितकं आवळलं तितकं सैल झालं. म्हणजे कारखान्यातूनच खराब माल आलेला आहे.

तक्त्यात कालच्या आणि आजच्या खुणा करून टाकल्या. यात खोटेपणा नाही. स्टोअरात संध्याकाळी यायचा माल आम्ही सकाळीच जमा दाखवायचो, म्हणजे साहेबांची सही वेळेत व्हायची. माल यायचाच. सायकल सुरू झाली की मागची मिनिटं हिच्याकडून भरून काढू.

ही म्हणाली, हे बरं नाही. मी म्हटलं, माल वाटेत आहे.

५ फेब्रुवारी
पेडल हातात आलं. एका अर्थी प्रगती.

परत बसेना, म्हणून पान्याला पाइप अडकवून जोर दिला. करकर वाजलं आणि बसलं. संध्याकाळी हिने पाय ठेवताच पडलं. आट्यांचा चुरा झालाय. चुरा पाकिटात भरून वर तारीख घातली.

९ फेब्रुवारी
गुडघा ७५. फिजिओबाईंनी तक्ता बघून शाबासकी दिली. मी म्हटलं, घड्याळ लावून करते. ही खिडकीबाहेर बघत होती. खाटेवरचे व्यायाम मात्र ती दात-ओठ खाऊन करते, त्यानेच हे तीन अंश आले असावेत. सायकल सुरू झाल्यावर तर बघायलाच नको.

१२ फेब्रुवारी
पेडल बसत नाही त्याअर्थी दोष आत आहे. कव्हर उघडलं. बावीस स्क्रू निघाले, बावीस पाकिटं केली, नंबर घातले. आयुष्यात इतकं नीटनेटकं काम मी कोणाचं पाहिलेलं नाही. आतला पट्टा काढून पुसला. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं, पण आता खात्री झाली.

१४ फेब्रुवारी
कव्हर लावलं. चार स्क्रू उरले. कारखानेवाले जास्तीचे घालतात.

मिनिटं दाखवणारा डबा आता बंद आहे. परवापर्यंत चालू होता. बटण सर्वांत हलक्यावर ठेवलं तरी चाक दगडासारखं जड. आतलं लोहचुंबक चाकाला चिकटलं असावं. ही पुन्हा म्हणाली, तो नंबर लावू का. मी म्हटलं, घरच्या माणसावर विश्वास नसेल तर लाव. तिने नाही लावला. समजूतदार आहे.

रोज एकेक खूण करत बसण्यापेक्षा मार्चअखेरपर्यंतच्या सगळ्या करून ठेवल्या. एक काम वाचलं. बाईंसमोर पुढचा भाग घडी घालून ठेवायचा.

२३ फेब्रुवारी
गेल्या सोमवारी ७६ होता, आज ७५. पी हळद हो गोरी असं गुडघ्याचं नसतं, हे मी बाईंना समजावलं. त्यांना पटलं नाही. खुणा पूर्ण, मग गुडघा का वाकेना? हिला फैलावर घेतलं. नुसतं सीटवर बसून राहता की काय, म्हणाल्या. दुखलं तरी रेटावं लागतं, लेकीकडे जायचंय ना तुम्हाला? हिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मला फार वाईट वाटलं. सांगून टाकणार होतो. पण आता सांगितलं तर बाईंचा तक्त्यावरचाच विश्वास उडेल आणि त्याचा उपचारांवर परिणाम होईल. हिच्या भल्याचा विचार केला. त्या गेल्यावर हिला चहा करून दिला. साखर विसरलो. तिने तसाच प्यायला.

२७ फेब्रुवारी
पेडल ज्या दांड्यात बसतं तो दांडा नवा मागवला होता. आज आला. उजवा आला. दुकानदाराची चूक म्हणून फोन केला, तर त्याने माझीच ऑर्डर वाचून दाखवली. नीट आठवलं. ऑर्डर देताना मी सायकलच्या पुढे उभा होतो, तिच्याकडे तोंड करून. माझा उजवा तो तिचा डावा. कोणाचीही झाली असती.

संध्याकाळी ही घरात दिसेना. दार उघडं होतं. बघितलं तर जिन्याशी. उजवा पाय पायरीवर ठेवायची, आणि डावा काठीसारखा ताठ, बाहेरून फिरवून वर घ्यायची. तीन पायऱ्या चढली आणि कठड्याला धरून उभी राहिली. मी हाक मारली नाही. आत येऊन पाने पुसत बसलो.

६ मार्च
हिने मला न विचारता मेकॅनिकला बोलावलं. आला. हातात जेवणाच्या डब्याएवढी पिशवी, त्यात पाने सहा. मोजले मी.

नवा डावा दांडा आणि पेडल त्याने सोबतच आणलं होतं. चाळीस मिनिटांत सायकल चालू. म्हणाला, डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. चालवताना आपोआप सुटू नये म्हणून. ते डावीकडे आवळायचं. ही साधी गोष्ट आहे म्हणाला. टक टक पेडलाची नव्हतीच, दांड्याचा बोल्ट सैल होता, अर्धा फेरा दिला असता की झालं असतं. डब्याची तार कव्हरमध्ये चेपली होती. चुंबकाची वायर आकड्यातून निघाली होती. मग त्याने विचारलं, याआधी कोणी हात लावला होता?

मी म्हटलं, एक जण येऊन गेला. अडाणी होता.

हिने त्याचे पैसे मोजून दिले. तो गेल्यावर सायकलवर बसली. पेडल थोडं वर यायचं आणि अडायचं. मागे घ्यायची, पुन्हा वर, पुन्हा अडायचं. दहा मिनिटं केलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण उतरली नाही. ही तिची पहिली खरी खूण. करायला गेलो तर तिथे आधीच केलेली होती.

९ मार्च
गुडघा ७४. फिजिओबाई चिडल्या नाहीत. ते जास्त वाईट. म्हणाल्या, माझ्या हातातलं आता संपलं, परवा डॉक्टरांना दाखवा. तक्ता सोबत न्या.

११ मार्च, दुपारी
हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी तक्ता टेबलावर पसरला. सदतीस दिवस, एक खूण चुकलेली नाही. मग गुडघ्याकडे बघितलं. मग पुन्हा तक्त्याकडे, आणि घडी उघडली. मार्चअखेरपर्यंतच्या खुणा.

त्यांनी शांतपणे विचारलं, हे कोणी केलं?

मी वाक्य जुळवत होतो. स्टोअर, माल, साहेबांची सही, असं सुरुवातीपासून सांगितलं तर समजलं असतं. तेवढ्यात ही म्हणाली, "मीच करायचे. सायकलचा कंटाळा यायचा."

डॉक्टर तिला खूप बोलले. एवढं मोठं ऑपरेशन, आणि तुम्ही लहान मुलासारख्या खोट्या खुणा करता? आता पुढच्या आठवड्यात भूल देऊन जोराने वाकवायचा. त्यानंतर परत सहा आठवडे रोज व्यायाम. एप्रिलमध्ये कुठेही जायचं नाही, जिने तर नाहीतच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही घरीच असता, तुम्हाला माहीत नव्हतं?

मी म्हटलं, नव्हतं.

संध्याकाळ
हिला विचारलं, असं का सांगितलंस? ती म्हणाली, "स्टोअरात साहेब तुम्हाला चार माणसांसमोर बोलायचे, ते मला ठाऊक आहे. मला नाही बघवत."

हे तिला कोणी सांगितलं, कळत नाही. मी तर रोज हसतच घरी यायचो.

१२ मार्च
लेकीचा फोन. हिने सगळं सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं तसंच. फोन स्पीकरवर होता. लेक रडायला लागली. म्हणाली, आई, माझ्यासाठी दिवसाला वीस मिनिटंसुद्धा निघाली नाहीत तुझ्याकडून? ही म्हणाली, चुकलं गं. लेकीने फोन ठेवला. हिने बॅग उघडली, दुपटी काढून कागदात बांधली आणि माझ्याजवळ दिली, पार्सल करा म्हणून.

ठरवलं. उद्या लेकीला फोन करून सगळं सांगायचं. पहिल्या दिवसापासून. काहीही वगळायचं नाही.

१३ मार्च
पार्सल करायचं होतं. फोन राहिला.

१४ मार्च, सकाळी १०
लेकीला फोन लावला. सुरुवात कशी करायची ते कागदावर लिहून घेतलं होतं. ही आत सायकलवर होती. तिला हल्ली सांगावं लागत नाही, स्वतःच बसते.

लेकीनेच आधी विचारलं, आई आता तरी करते का? म्हटलं, करते. ती म्हणाली, आईवर चिडले त्याचं वाईट वाटतंय, पण बाबा, तुम्ही जवळ आहात म्हणून निदान तिचं धड चाललंय.

मी हो म्हटलं.