संताचं कपाट

रविवार, १० मे

तिकिटं आली! नांग ऑरिंगने प्रार्थना संपल्या संपल्या चर्चच्या पायरीवरच वाटली. गुरुवारी संध्याकाळची फेरीबोट, रात्रभर समुद्र, शुक्रवारी उजाडताना बांतिगे बेट. आमच्या विधवांच्या मंडळातल्या सगळ्या निघाल्यात. पुरुष एकच — ऑरिंगचा नवरा, नोंग गार्दो. सामान उचलायला. म्हटलं, ऑरिंग, नवरा धडधाकट असून तू विधवांची अध्यक्षीण कशी गं? म्हणाली, "हा असून नसल्यासारखाच आहे." गार्दो मान डोलावत हसला. बिचाऱ्याला दुसरं करता तरी काय येतं.

सेपा म्हणे समुद्रात पोहणार. म्हटलं, आधी कवळी काढून ठेव, मासे घाबरतील. तर म्हणते, "मासे तुला बघून आधीच पळालेले असतील, माझ्यापर्यंत कोण थांबतंय." शाळेपासून ही अशीच. एक हाणली की दोन परत. म्हणून तर जमतं आमचं.

संध्याकाळी तोतोचा फोन. खरं नाव विल्मार, पण चौतिशीचा झाला तरी मला तोतोच, बाळ्याच. बेटावर होडी चालवतो, पाहुण्यांना फिरवतो. दोन वर्षं झाली घरी येऊन. म्हणाला, "नानाय, फेरी धक्क्याला लागायच्या आधीच मी होडी घेऊन शेजारी येतो. भोंगा वाजवतो. तू वरून हात कर." होडीच्या तोंडाशी माझं नाव रंगवलंय म्हणे. निळ्यावर पांढरं — क्रिस्पिना. म्हटलं, मेल्या, बायको कर आणि तिचं रंगव. "आधी तू तर ये," म्हणाला.

माझ्यासाठी खोपटं पण बांधलंय, समुद्राकडे तोंड करून. आवडलं तर परत जाऊच नकोस म्हणतो. राहीन की! इथे काय आहे माझं — नवऱ्याची, इस्लावची कबर आणि सेपाची कटकट. सेपाला अजून सांगितलं नाही. रडेल मेली.


मंगळवार, १२ मे

फोन आला. राँग नंबर.

दिवसभर इबोस बांधत बसले. चिकट तांदूळ, नारळाचं दूध, नारळाच्याच पानांच्या गुंडाळ्या. तोतोला दुसरं काही लागत नाही. पानांनी बोटं चिरली.


बुधवार, १३ मे

सकाळी सकाळी ऑरिंग, सेपा आणि गार्दो अंगणात. तिघं एकदम कधी येत नाहीत. वर या म्हटलं तर वर आले नाहीत. पपईच्या झाडाखाली उभे.

सेपाचे डोळे सुजलेले. म्हटलं, रात्रभर कवळी शोधत होतीस काय? नाक पुसलं नुसतं. पुन्हा म्हटलं, सापडली नाही तर गार्दोची घे, त्याला कुठे तोंड उघडायला मिळतं. गार्दो हसला नाही. ऑरिंग रागावली नाही. सेपाने पुढे होऊन माझ्या खांद्यावरचा पदर — नुसता रुमाल होता तो — सारखा केला. सेपाने! ही बाई माझ्या लग्नात पण माझ्या अंगाला हात न लावता नुसती नावं ठेवत होती.

ऑरिंग म्हणाली, तोतोचा काही फोन?

म्हटलं, कसा येणार, सोमवारच्या वाऱ्यात बेटावरचा टॉवर पडलाय, रेडिओवर सांगितलं.

"कुठल्या रेडिओवर?"

म्हटलं, माझ्या. तुझ्यावर फक्त जपमाळ लागते.

मग गोळी घेतलीस का, झालं. ब्लडप्रेशरची. इस्लाव गेल्याची बातमी आली तेव्हा मी चुलीपुढेच कोसळले होते, आठवडाभर जीभ वळली नव्हती. तेव्हापासून सगळे मला तडा गेलेल्या मडक्यासारखं धरतात. दोन्ही हातांनी. ऑरिंग म्हणाली, बस जरा, बोलू. म्हटलं, बसायला वेळ कुणाला आहे, इबोस वाफेवर आहेत. पातेलं गार्दोच्या हातात दिलं, फुंकर घाल म्हटलं. त्याने खरंच घातली.

गेले तेव्हा तिघांपैकी एकानेही "येते", "येतो" म्हटलं नाही. मीही फाटकापर्यंत गेले नाही.


गुरुवार, १४ मे. फेरीवर.

डिझेल, कोंबडे, आंब्याच्या पेट्या, कुणाचं तरी डुक्कर. वरच्या मजल्यावर खाटांच्या रांगा, एकीला एक चिकटून. माझ्या एका बाजूला सेपा, दुसऱ्या बाजूला ऑरिंग. मधे मी, कैद्यासारखी. मुतायला उठले तर दोघीही उठल्या. म्हटलं, चला, पालखीच काढू. दोघी मागून आल्याच.

चढताना गंमत झाली. आमच्या सामानात एक लांब पेटी होती, ताडपत्रीत गुंडाळून दोरीने आवळलेली. चौघांनी मिळून चढवली, खाली ट्रक उभे राहतात तिथे ठेवली. मी विचारलं हे कुणाचं? ऑरिंग म्हणाली, बेटावरच्या चॅपेलसाठी आहे. संताचं रिकामं कपाट.

म्हटलं, "संत बराच उंच दिसतो."

गार्दोने तोंड फिरवलं. वर यायलाच तयार नाही आता, खाली त्या कपाटापाशी बसलाय. वर गाण्याचं यंत्र लावलंय, एरवी हा माणूस माईक सोडत नाही, दर गाण्याला रडतो. मी जिन्यावरून हाक मारली, ये रे, रडायची वेळ झाली. नुसता हात हलवला.

तोतोसाठी शर्ट घेतलाय. लाल. बाजारातली पोरगी म्हणाली सगळ्यांना होतो. बाह्या पुरतील का कळत नाही. उंच आहे, बापावर गेलाय.

जेवायला सेपाचं टिनोला. कोंबडीचा रस्सा, आलं, कच्ची पपई. शेवग्याचा पाला नाही! हिच्या दारातच शेवगा आहे, ही बाई रश्श्यात, भातात, मला वाटतं चहातसुद्धा तो पाला टाकते. म्हटलं, पाला कुठाय?

म्हणाली, विसरले.

पाला विसरायला काय कुणी मेलं होतं का — हे अगदी जिभेवर आलं. रश्श्याबरोबर गिळलं. आमच्याकडे मयताच्या घरी शेवगा शिजवत नाहीत. डहाळी ओरबाडली की पानं एकामागून एक सुटतात, तशी मग माणसं सुटतात म्हणे. पण ही तर बोट आहे. इथे कुणाचं घर आहे?

सेपा झोपल्याचं सोंग करतेय. घोरत नाही, त्यावरून कळतं. ऑरिंगचा फोन दोनदा वाजला, दोनदा तिने पोटाखाली दाबला. टॉवर पडलाय ना बेटावरचा? मग असेल दुसरं कुणीतरी.

इबोसचं पातेलं माझ्या पायाशी आहे. निघताना पुन्हा वाफवले, अजून ऊब आहे त्याला.


शुक्रवार, १५ मे. उजाडताना.

कठड्याला धरून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आहे. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. सोमवारी याच्यात वारा सुटला होता, खरं वाटणार नाही. बेट आलं. पांढरी वाळू, माड, मागे एवढीशी टेकडी. तोतोने सांगितलं होतं तसंच. एक पानही खोटं सांगितलं नव्हतं पोराने.

होड्या आल्या. एक नाही, सगळ्याच आल्या. दोन्ही बाजूंच्या बांबूंवर तोललेल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. फेरीच्या शेजारी आल्या आणि एकेकाने इंजिन बंद केलं. भोंगा कुणी वाजवला नाही. नावाड्यांनी टोप्या काढून हातात धरल्या. नुसत्या तरंगत राहिल्या आमच्याबरोबर.

म्हटलं, सेपा, बघ, तुझ्या कवळीच्या स्वागताला आलेत.

सेपाने माझा हात धरला. तिचा हात ओला होता.

निळी होडी नव्हती. तो म्हणाला होता हात कर, म्हणून मी हात केला. बराच वेळ केला. उलट कुणीच केला नाही.


शुक्रवार, दुपार

खोपट्यात आहे. माझ्या.

धक्क्यावर बायका उभ्या होत्या, अनोळखी. एकेकीने माझा हात घेऊन कपाळाला लावला. नाव विचारलं नाही कुणी, म्हणजे माहीत होतं. कपाट उतरवायला नावाडीच धावले. गार्दो त्यांच्याबरोबर गेला.

इथे जमिनीवर वाळू आली होती. कोपऱ्यात नवा झाडू. घेतला आणि दोन हात मारले, तर ऑरिंगने येऊन हिसकावला. बाई जाड आहे पण धावली. म्हणाली, राहू दे. म्हटलं, बरं, मग आंघोळ करते, अंगाला डिझेलचा वास येतोय.

"आज नको, पिना."

असाच झाडू तिने एकदा आधीही हिसकावला होता, इस्लाव घरात निजलेला होता तेव्हा. झाडू नको, घरातली माणसं झाडली जातील. आंघोळ नको. निरोप नको. पाला नको. मला पाठ आहे सगळं. आमच्या गावभरच्या बायकांना मीच शिकवलंय.

खिडकीतून माड दिसतात. माडांखाली निळी होडी आहे. पालथी. एका बाजूचे बांबू नाहीत. माझं नाव उलटं आहे, पण वाचता येतं. अक्षर चांगलं काढलंय. शाळेत कधी असं काढलं नाही.

ऑरिंग म्हणाली, चॅपेलपर्यंत येतेस का, पिना? जवळच आहे.

म्हटलं, संत बघायला?

ती रडायला लागली. ऑरिंग! मग सेपा आत आली, माझ्यासमोर खाली बसली, गुडघे दुखतात तरी. आणि मी तोंड उघडायच्या आत तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आता चेष्टा पुरे गं. मला सांगू दे. मी सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी सांगेल, आणि तुला नीट सांगणार नाही."

मी तिचा हात काढला. म्हटलं, मला थोडं लिहायचंय. लिहून होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. कबूल?

कबूल म्हणाली. दारात बसलीय, पाठ करून. मी लिहितेय तोवर ती बोलणार नाही. सेपा शब्दाची पक्की आहे.

म्हणून लिहिते. खोपटं चांगलं आहे. भिंती बांबूच्या, विणीतून वारा येतो. टोपीसाठी खुंटी आहे, माझा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. त्याच्या स्वतःच्या तर छातीला लागत असेल. चूल दाराशी, म्हणजे रांधताना समुद्र दिसावा. फळीवर दोन बशा, दोन पेले. एक चटई गुंडाळलेली, नवी, दुकानाची चिठ्ठी पण काढलेली नाही. दाराबाहेर पायरी आहे, इथल्या दुसऱ्या कुठल्याच खोपट्याला अशी नाही, येताना बघितलं. बुटकी, अर्ध्या पावलाची. माझा डावा गुडघा आठवला त्याला.

आणखी काय लिहू. खुंटी लिहिली. चूल लिहिली. मांजर आहे एक, पिवळं. कुणाचं ते माहीत नाही. ते इबोसच्या पातेल्यावर बसलंय.

सेपाचे खांदे हलतायत. पण वळली नाही.

अजून थोडं पान आहे.


शनिवार, १६ मे

लाल शर्टाच्या बाह्या पुरल्या.

सेपाने विचारलं, तुला कळलं कधी? म्हटलं, फेरीवर, रश्श्यात पाला नव्हता तेव्हा. खोटं सांगितलं. इथेही खोटंच लिहिलं होतं, टॉवरचंसुद्धा.

मंगळवारी बेटावरून फोन आला होता. मागे समुद्र वाजत होता. तो माणूस म्हणाला, "तुम्ही विल्मारच्या आई का?"

मी म्हटलं, राँग नंबर.